द्रोणागिरीच्या पायथ्याचे करंजा बंदर

उरण तालुक्याच्या दक्षिण टोकाला द्रोणागिरीचा डोंगर धरमतरच्या खाडीपाशी संपतो. त्याच्या पायथ्याशी करंजा हे कोळ्यांचे जुने मासेमारी बंदर आहे. समोर खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातले रेवस, पश्चिमेला उघडा समुद्र, तर डोंगराच्या उत्तर अंगाला उरण शहर, ओएनजीसीचा प्रकल्प आणि त्यापुढे जवाहरलाल नेहरू बंदर (जेएनपीटी). पनवेलहून करंजा पस्तीसेक किलोमीटरवर आहे. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर दुचाकीला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोगे आणि अजूनही खरोखर कामात असलेले बंदर मुंबईच्या इतक्या जवळ फार कमी उरले आहे.

इथे कधी पोचायचे हे मात्र घड्याळापेक्षा पंचांगावर ठरते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी पूर्ण उतरलेले. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, त्यामुळे उजाडताना खाडीकाठी चिखल उघडा पडलेला दिसतो. हा हिशेब मिनिटाला धरून चालत नाही, पण सकाळचा बेत आखायला पुरेसा आहे. धक्क्याला लागलेल्या होड्या आणि भरलेली खाडी पाहायची असेल तर सप्तमी ते दशमीची सकाळ चांगली. बगळ्यांनी भरलेला चिखल, रुतून कललेल्या लहान होड्या आणि तिसऱ्या-कालवे काढणाऱ्या बायका पाहायच्या असतील तर पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी असते. मुंबईजवळ ती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद चालते, तो भांग. प्रवाहाच्या जोरावर चालणारी मासेमारी उधाणात भरात असते आणि भांगात सुस्तावते. म्हणजे होड्या सर्वांत सुंदर दिसतात तो आठवडा काही कोळ्यांसाठी कमाईचा नसतो. पाहुण्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

वर्षाचाही एक क्रम आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ, आणि खवळलेल्या समुद्रात माणसांच्या जिवालाही धोका. बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, लाकूड आणि फायबर दुरुस्त होते, रंग चढतो, जाळी विणली-सांधली जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाची परंपरेने सुरुवात होते. ऑक्टोबर ते मे हा बंदर पाहण्याचा मुख्य काळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेपाचला पनवेल सोडले तरी करंजाला अंधारच असतो. मे महिन्यात सहाला चक्क उजेड. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी ते फिरतात आणि समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. शिडांच्या दिवसांत पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे, अशी किनाऱ्याची रीत होती. इंजिने आल्यावर ही सक्ती सुटली, पण पहाटेशी असलेले नाते सुटले नाही.

पनवेलहून जाणारा सरळ रस्ता पळस्पे-जेएनपीटी राष्ट्रीय महामार्गाने गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा, करळ अशा क्रमाने जातो आणि पुढे नवघर, बोकडवीरा करत उरणमध्ये शिरतो. बेलापूरकडून येणारे आम्र मार्गाने गव्हाण फाट्याला मिळतात. मुंबईहून येणाऱ्या दुचाकीस्वाराला हाच वळसा घ्यावा लागतो, कारण १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूवर दुचाकींना परवानगी नाही. त्याच दिवशी खारकोपर ते उरण हा लोकल रेल्वेचा टप्पाही सुरू झाला. त्यामुळे गाडीशिवाय येणाऱ्यांची मोठी सोय झाली.

हा रस्ता रुंद आहे, पण तो कंटेनरचा रस्ता आहे. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि देशातले कंटेनरचे एक प्रमुख बंदर बनले. त्याच्यासाठी रात्रंदिवस धावणारे ट्रेलर इथल्या दुचाकीस्वाराचा खरा धोका आहेत. वळताना ट्रेलरचा मागचा भाग आतल्या बाजूला सरकतो. चालकाला डाव्या कुशीत आलेली मोटारसायकल दिसत नाही. म्हणून ट्रेलरच्या डावीकडून पुढे जाण्याचा मोह टाळावा. कडेला उभ्या केलेल्या ट्रेलरांना मागचे दिवे असतीलच असे नाही, आणि हिवाळ्यात खाडीकाठच्या सखल भागात धुके उतरते. त्यातून जाताना वेग कमी ठेवण्याला पर्याय नाही. उजाडण्याआधी हेल्मेटची काच स्वच्छ असणे आणि अंगात उजळ रंगाचे जॅकेट असणे इथे हौसेची बाब नाही.

दुसरा रस्ता लांबचा, पण पाहण्यासारखा. गव्हाण फाट्यावरून दिघोडे, चिरनेर, कोप्रोली आणि खोपट्याचा पूल असा तो उरणला येतो. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. गावात त्यांचे स्मारक आहे. मुख्य रस्त्यावरच्या जासईलाही असेच स्मारक आहे, पण इतिहास वेगळा. सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. भूमिपुत्रांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा देण्याची पद्धत या लढ्यातून आली आणि पुढे राज्यात इतरत्रही पोचली. करंजाकडे जाणाऱ्या माणसाने या दोन ठिकाणी पाच मिनिटे थांबावे. इथली जमीन आणि इथले पाणी कोणाचे, हा प्रश्न बंदरावरही पुन्हा भेटतो.

नवघरपासून पुढे मिठागरे, खाजण आणि कांदळवन यांच्यामधून रस्ता जातो. एके काळी मीठ हा उरणचा मोठा धंदा होता. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे, आत भाताची खारी शेती करायची आणि शेताच्या तळ्यात जिताडा वाढवायचा, ही आगरी शेतकऱ्याची पद्धत. जिताडा गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो, झपाट्याने वाढतो आणि रायगडात पाहुण्याच्या ताटात त्याचा मान मोठा आहे. भराव आणि गोदामांनी यातली बरीच शेती गिळली आहे. पाणजे गावाजवळच्या पाणथळ जागेत हिवाळ्यात अजूनही रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरतात. भरतीला खाडीतले खाद्य पाण्याखाली गेले की पक्ष्यांना टेकायला अशीच उथळ तळी लागतात. ती बुजली तर पक्षी येणार नाहीत, इतके हे सरळ आहे.

उरण शहर ओलांडले की उजवीकडे द्रोणागिरीचा डोंगर उभा राहतो. उरणचा हा सगळा भाग पूर्वी खाड्यांनी वेढलेले बेट होते आणि जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव करंजा असेच आहे. बेटाला दोन डोंगर, उत्तरेचा मोरा गावाकडचा लहान आणि दक्षिणेचा द्रोणागिरी मोठा. मुंबईच्या खाडीचे तोंड इथून नजरेत येते, म्हणून या बेटावर प्रत्येक सत्तेचा डोळा राहिला. सोळाव्या शतकापासून ते पोर्तुगीजांकडे होते. नंतर मराठ्यांकडे आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी आणि घारापुरीबरोबर इंग्रजांकडे कायम झाले. डोंगरावर किल्ल्याचे अवशेष आहेत. लक्ष्मणासाठी संजीवनी नेताना मारुतीच्या हातून द्रोणागिरी पर्वताचा तुकडा इथे पडला, अशी आख्यायिका आहे. करंजाचे कोळी द्रोणागिरी मातेला आपले रक्षण करणारी देवी मानतात आणि तिचे मंदिर गावातच आहे. डोंगराच्या पायथ्याला एका बाजूने ओएनजीसीचा प्रकल्प आहे. १९७४ मध्ये समुद्रात सापडलेल्या बॉम्बे हाय क्षेत्राचे तेल आणि वायू नळांमधून इथे येतात. नौदलाचे शस्त्रागारही याच परिसरात आहे. फाटकांवरच्या सूचना पाळाव्यात आणि तिथे कॅमेरा काढू नये.

चाणजे ग्रामपंचायतीच्या हद्दीतून रस्ता करंजा गावात उतरतो. गावातली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना घरे, ओट्यांवर सुकणारी जाळी. मासळीचे टेम्पो याच वाटेने वर येतात आणि त्यांच्यातून गळणारे बर्फाचे पाणी रस्ता निसरडा करते. वळणावर अचानक ब्रेक दाबला तर चाक सरकते. गाडी धक्क्यापर्यंत नेण्याऐवजी गावाबाहेर मोकळ्या जागी उभी करून पायी जाणे हे सगळ्यांच्या सोयीचे.

बंदरात दिसणाऱ्या होड्या सारख्या वाटल्या तरी त्यांची कामे वेगळी आहेत आणि ते कळले की समोरच्या पाट्यांमधल्या मासळीचाही अर्थ लागतो. डोल हे सर्वांत जुन्या पद्धतीचे जाळे. लांब पिशवीसारखे हे जाळे समुद्रतळाशी बांधलेल्या दोरांना अडकवून प्रवाहाच्या तोंडी लावतात. पाणी वाहते आणि मासळी आपणहून आत येते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही डोलीची मासळी. पाणी फिरण्याच्या आत जाळे उचलावे लागते, म्हणून डोलीवाल्याचा दिवस भरती-ओहोटीला बांधलेला. दुसरी ट्रॉलर होडी. ती तळाशी जाळे ओढत चालते आणि तिच्यात कोळंबी, माकूळ, राणी मासा, ढोमा, वाकटी येतात. ट्रॉलर बर्फ आणि शिधा भरून कित्येक दिवस बाहेर राहतात. तिसरी पर्ससीनची होडी. पाण्यावर आलेला थवा दिसला की तिचे जाळे त्याला वेढा घालते आणि खालच्या कड्यांतला दोर ओढून तळ बंद केला जातो. बांगडा, तारली, कुपा असे थव्याने फिरणारे मासे असे एकाच फेरीत टनांनी पकडता येतात. करंजाला अशा मोठ्या होड्या बऱ्याच आहेत. याशिवाय पापलेट, सुरमई, हलवा, रावस, घोळ यांच्यासाठी पाण्यात उभी सोडली जाणारी जाळी असतात. त्यांत मासा कल्ल्यांपाशी अडकतो.

होडीवर शब्द चालतो तो तांडेलाचा. मालक नाखवा, हाताखाली खलाशी. कोणत्या पाण्यात, कोणत्या खोलीवर, कोणत्या तिथीला काय मिळते हे तांडेलाच्या डोक्यात असते. आता जीपीएस आणि मासळीचे थवे दाखवणारी यंत्रे होडीवर आली आहेत, तरी परतताना दूरवरून द्रोणागिरीचा माथा दिसला की खलाशांना घर दिसल्यासारखे होते. धक्क्याला लागल्यावर मात्र कामाचा ताबा बायका घेतात. मासळी पाट्यांत उतरते, जातीनुसार आणि आकारानुसार वेगळी होते, त्यावर फोडलेला बर्फ पडतो. मोठ्या मालाचा लिलाव व्यापाऱ्यांमध्ये होतो. लहान माल कोळिणी घेतात आणि पाटी डोक्यावर किंवा रिक्षात घालून उरण-पनवेलच्या बाजाराकडे निघतात. हे सगळे सूर्य वर येण्याआत उरकायचे असते. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ऊन चढले की तो हातात धरवत नाही. म्हणून तो एक तर ताबडतोब विकायचा, नाही तर वाळवायचा. जवळा खळ्यावर पसरतात, त्याचे सुकट होते आणि पावसाळ्यातल्या बंदीच्या दोन महिन्यांत रायगडच्या घराघरात तेच कामी येते.

करंजाची पुष्कळ मासळी वर्षानुवर्षे उतरत आली ती मुंबईत. १८४१ मध्ये बांधलेला भाऊचा धक्का आणि १८७५ मधला ससून डॉक इथे बाजार, बर्फ आणि निर्यातदार, सगळे एका ठिकाणी. त्यामुळे इथल्या होड्या खाडी ओलांडून तिकडे जात. डिझेल जळे, वेळ जाई आणि त्या दोन्ही धक्क्यांवर जागा अपुरी पडे. म्हणून करंजालाच मोठे मच्छीमार बंदर उभारण्याचा प्रकल्प आला. केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या वाट्याचा, सुमारे दीडशे कोटी रुपयांचा. मासळी घराशेजारी उतरली की भावाची घासाघीस आपल्या माणसांत होते आणि कापणे, बर्फ, वाहतूक, किरकोळ विक्री ही कामे गावाला मिळतात. बंदर म्हणजे नुसता धक्का असून भागत नाही. बर्फ, डिझेल, गोडे पाणी आणि सातत्याने काढला जाणारा गाळ हेही लागते. खाडीच्या तोंडावरच्या कुठल्याही बंदराचा जीव या गाळात अडकलेला असतो.

बंदरापुढचा मोठा प्रश्न मासळीचा आहे. पर्ससीनचा वेढा आणि बारीक आसाची जाळी यांनी पिल्ले मोठी होण्याआधीच उचलली जातात. राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर काळाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले. २०२१ मध्ये कायद्यातला दंड वाढवला. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते पकडायचे नाही. नियम चांगले आहेत. अंमल कमी पडतो. आणि त्याचा फटका सगळ्यांत आधी बसतो तो डोलीवाल्या आणि लहान होडीवाल्या कोळ्याला, ज्याला दूर समुद्रात जाता येत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. नेहरू बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि त्यातल्या कुटुंबांची उरणमध्ये हनुमान कोळीवाडा म्हणून वसाहत झाली. तिथे वाळवीने घरे पोखरली आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके लांबला. भराव आणि कांदळवनांच्या तोडीमुळे पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका गेली, असे मानून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ओएनजीसी, जेएनपीटी आणि सिडको यांनी या भागातल्या १६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. भारतातल्या मच्छीमारांच्या लढ्यांत या निकालाला महत्त्व आहे. खाडीत मासे पकडण्याचा परंपरागत हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो, तरी तो बुडाला तर नुकसान मोजता येते, हे त्यात मान्य झाले.

करंजाहून रेवसला जाणारी तर हा बंदरावरचा आणखी एक जुना व्यवहार. रस्त्याने पेण-वडखळला वळसा घालून अलिबागला जाण्याऐवजी होडीने पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरता येते. मोटारसायकलीही या होडीतून जातात. गाडी चढवताना इंजिन बंद ठेवावे, आरसे दुमडावेत आणि पेट्रोलची तोटी बंद करावी. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी धक्क्यावर विचारावे, कारण वारा आणि पाणी यांनुसार ती बदलू शकते. रेवस-करंजा पुलाची कल्पना १९८० च्या सुमारास, अंतुले मुख्यमंत्री असताना मांडली गेली. राज्य रस्ते विकास महामंडळाने आता त्याचे काम हाती घेतले आहे. पूल झाला की खाडी दोन मिनिटांत ओलांडता येईल आणि तरीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरे काम शोधावे लागेल.

बंदरावर वावरण्याचे थोडे भान लागते. ताणलेल्या दोरांवर किंवा त्यांच्या वेटोळ्यात उभे राहू नये. होडी हलली की दोर पायाला लपेटतो. लिलाव सुरू असताना व्यापारी आणि पाट्यांच्या मध्ये शिरू नये. माणसांचे, विशेषतः काम करणाऱ्या बायकांचे, फोटो विचारूनच काढावेत. मासळी घ्यायची तर लिलाव संपल्यावर कोळिणीकडून वाट्याने घ्यावी. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे, ही ताजेपणाची खूण. झाकणाचा डबा आणि बर्फ सोबत असला तर पनवेलपर्यंत मासळी नीट राहते. परतताना नऊनंतर ट्रेलरची गर्दी वाढते, म्हणून आठच्या आत निघालेले चांगले. घरी पोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे. धक्क्यावरचे खारे पाणी आणि खारा वारा साखळी, स्पोक आणि सायलेन्सर फार लवकर गंजवतात.